पोर्टल स्विच लाइटवर : हात चुकतोय की डोकं?

प्रश्न थोडक्यात असा : निंटेंडोच्या स्विच लाइट या हातात धरून खेळायच्या यंत्रावर ‘पोर्टल : कम्पॅनियन कलेक्शन’ घेतलं (दोन भागांचा कोड्यांचा खेळ : बंदुकीने भिंती-जमिनीत पोर्टलं, म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन दारं, उघडायची आणि चेंबरांतून, म्हणजे बंद खोल्यांतून, वाट काढायची), पहिल्या भागात दहाव्या चेंबरपर्यंत मजल मारली आणि तिथे गाडी अडली. काय करायचं ते साधारण कळतं, पण उडी पोचत नाही, पोर्टल हवं तिथे बसत नाही आणि अर्ध्या तासात गरगरायला लागतं. मुळात माउसवर खेळायचा हा खेळ साडेपाच इंची पडद्यावर नीट खेळता येतो का, की टीव्हीला जोडून वेगळा कंट्रोलर घ्यावा? आणि दुसऱ्या भागातला दोघांचा खेळ एका लाइटवर जमेल का?

टीव्हीचा विचार आधी सोडून द्या. लाइटला टीव्हीवर चित्र पाठवायची सोयच नाही, ती मोठ्या स्विचला आणि तिच्या ओलेड पडद्याच्या आवृत्तीला आहे. पण त्याची गरजही नाही. 28 जून 2022 ला आलेली ही आवृत्ती एन्व्हिडियाच्या लाइटस्पीड स्टुडिओजने केलेली आहे आणि ती हातातल्या पडद्यावरही 720पीला, सेकंदाला 60 फ्रेमच्या वेगाने सुरळीत चालते. अडचण यंत्राची नाही. ती दोन वेगळ्या जागी आहे, हातात आणि डोक्यात, आणि या दोन्ही अडचणी एकच समजून आपण उगाच वीस वेळा तीच उडी मारत बसतो.

म्हणून आधी एक कसोटी सांगतो. ही खेळाच्या दोन्ही भागांत लागू पडते, अगदी मोजके अपवाद सोडून : एखादी सोडवणूक केसाएवढ्या नेमावर अवलंबून असेल, तर ती सोडवणूकच चुकीची आहे. मूळ खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने पहिला भाग 2007 मध्ये आणि दुसरा 2011 मध्ये काढला, आणि दोन्हीत नेमबाजीची परीक्षा घ्यायची नाही हे कटाक्षाने पाळलं. पोर्टल भिंतीच्या कडेला किंवा कोपऱ्यात झाडलं, तर खेळ ते स्वतःच थोडं सरकवून मावेल तिथे बसवतो. जागाच पुरेशी नसेल किंवा पृष्ठभाग चालणारा नसेल, तरच नुसत्या ठिणग्या उडतात. पांढरट काँक्रीट चालतं, काळसर धातू चालत नाही. तेव्हा एकाच जागी तीनदा ठिणग्या उडाल्या तर नेम सुधारत बसू नका. तिथे पोर्टल अपेक्षितच नाही.

आता हात.

स्विचच्या आवृत्तीत जायरोने, म्हणजे यंत्र किती फिरवलं ते ओळखणाऱ्या सेन्सरने, यंत्र हलवून नेम धरता येतो, आणि लाइटमध्येही जायरो आहे. पर्यायांत जाऊन तो चालू करा. नवखे लोक तो चालू करतात, संवेदनशीलता कमाल ठेवतात, चित्र थरथरायला लागतं आणि ‘हे आपल्याला जमणार नाही’ म्हणून बंद करतात. कामाची विभागणी लक्षात घ्या : मोठी वळणं उजव्या स्टिकने, शेवटचं बोटभर अंतर मनगटाने. स्टिक मध्यमच्या किंचित खाली ठेवा. जायरो कमीपासून सुरू करून एकेक घर वाढवा. तपासायला सोपी रीत अशी, की एका पोर्टलसमोर पाच-सहा पावलांवर उभं राहा, स्टिकला हात लावू नका, आणि फक्त मनगटाने खुणेचा बिंदू पोर्टलच्या डाव्या कडेवरून उजव्या कडेवर नेऊन परत आणा. कोपर हलवावं लागलं तर संवेदनशीलता कमी आहे. बिंदू कडेवर थांबायच्या ऐवजी पलीकडे निसटत असेल तर जास्त आहे.

बिंदू आपोआप एका बाजूला वाहत असेल तर खेळाला दोष देऊ नका. स्विचच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर आणि सेन्सरचा विभाग आहे, तिथे स्टिकचं आणि हालचालीच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे शून्य जुळवणं, वेगवेगळं करता येतं. सेन्सरचं करताना यंत्र सपाट टेबलावर ठेवून हात काढून घ्या. मांडीवर ठेवून केलेलं कॅलिब्रेशन म्हणजे वाकड्या तराजूत केलेलं वजन.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : चालत्या वाहनात जायरो बंद ठेवा. तो यंत्राचं फिरणं मोजतो, आणि एसटी घाटात वळली की यंत्रही वळतं. तुम्ही दगडासारखे स्थिर बसलात तरी प्रत्येक वळणावर चेंबर गोल फिरतं, आणि मग गरगरण्याचं खापर खेळावर फुटतं. सरळ रुळावरच्या लोकलमध्ये एवढा त्रास होत नाही.

हाताची दुसरी अडचण बटणांची. उडीचं बटण उजव्या अंगठ्याखाली, आणि नेमाची स्टिकही त्याच अंगठ्याखाली. उडी मारली की नेम सुटतो, नेम धरला की उडी राहते. माउसवाल्याला हे दुखणं माहीतच नसतं. यावर दोन उपाय. एक, जायरो, कारण उडीच्या क्षणी अंगठा स्टिकवर नसला तरी मनगट नेम धरून ठेवतं. दोन, बटणांची अदलाबदल. स्विचच्या सिस्टिम सेटिंग्जमध्येच ती सोय आहे, खेळात शोधायची गरज नाही. उडी वरच्या एल किंवा आर बटणावर न्या. दोन्ही ट्रिगर, म्हणजे मागची झेडएल आणि झेडआर बटणं, पोर्टलांसाठी, वरची बटणं उडीला आणि उचलायला, आणि दोन्ही अंगठे कायम स्टिकवर, अशी मांडणी बसली की निम्मी चिडचिड संपते. फक्त ही अदलाबदल सगळ्याच खेळांना लागू होते, तेव्हा दुसरा खेळ लावण्याआधी ती काढा.

गरगरण्याबद्दल. पडदा डोळ्यांपासून हातभर लांब धरा आणि खोलीत दिवा लावा. पण खरं कारण बहुतेक वेळा निराळं असतं : जमिनीतल्या पोर्टलमध्ये पडून भिंतीतून बाहेर येताना कॅमेरा गिरकी घेऊन सरळ होतो, आणि ती गिरकी पोटात उतरते. ती टाळायचा मार्ग आहे. पडताना आजूबाजूला बघू नका, थेट पोर्टलच्या आत, खाली बघा. ज्या पोर्टलमध्ये तुम्ही सरळ आत बघता, त्याच्या जोडीदारातून तुम्ही सरळ बाहेर बघत निघता. म्हणजे खाली बघत पडलात तर भिंतीतून समोर बघत येता, आणि उतरायची जागा लगेच दिसते. आणखी एक बारकावा : जमिनीवरचं पोर्टल तुमच्या तोंडाच्या दिशेप्रमाणे आडवं-उभं बसतं. ज्या दिशेला तोंड करून ते झाडलं, त्याच दिशेला तोंड ठेवून आत पडलात तर गिरकी जवळजवळ उरत नाही.

आता डोकं, आणि दहावं चेंबर.

या खेळातली बंदूक गोळ्या झाडत नाही, दारं उघडते. निळ्यातून शिरलं की नारिंगीतून निघायचं, आणि उलटही. शिरतानाचा वेग निघताना तेवढाच राहतो, फक्त दिशा बदलते. खाली पडण्याचा वेग भिंतीतून निघताना पुढे जाण्याचा वेग होतो. अकराव्या चेंबरपर्यंत तुमच्या हातात फक्त निळं पोर्टल असतं, नारिंगी खेळानेच भिंतीत बसवलेलं असतं. म्हणून दहाव्यात चूक करायला फारशी वाव नाही : निळं खड्ड्याच्या तळाशी, आणि उडी वरून. तरी उडी पोचत नाही, कारण लोक खड्ड्याच्या काठावरून उतरल्यासारखे घसरतात, किंवा हवेत असताना घाबरून डावी स्टिक मागे ओढतात.

हिशेब करून बघा. भिंतीतल्या पोर्टलमधून तुम्ही आडवे बाहेर फेकले जाता तेव्हा किती लांब जाल, हे दोनच गोष्टींवर ठरतं : किती उंचीवरून पडलात, आणि बाहेर पडायचं पोर्टल उतरायच्या जागेपेक्षा किती उंच आहे. या दोन आकड्यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा, ते अंतर. 4 मीटर पडलात आणि बाहेरचं पोर्टल 4 मीटर वर असेल तर 8 मीटर. 9 मीटर पडलात तर 12. 16 मीटर पडलात तरी 16च. अंतर दुप्पट करायला पडण्याची उंची चौपट लागते. गंमत अशी की गुरुत्वाकर्षण यात कटून जातं, त्यामुळे खेळाने ते कितीही ठेवलेलं असो, प्रमाण तेच राहतं.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. बाहेरचं पोर्टल उंच नेणं हे खड्डा खोल करण्याइतकंच मोलाचं आहे, पण आपण सगळे फक्त खड्ड्याकडे बघतो. आणि बाहेरचं पोर्टल उतरायच्या जागेच्या पातळीला असेल, तर आडव्या झेपेने तुम्ही तिथे कधीच पोचणार नाही, कितीही खोल पडा. अशा वेळी खोलीत कुठेतरी 45 अंशात तिरका पांढरा फलक शोधा. त्यातून निघालात तर त्याच पातळीवर, पडल्याच्या उंचीच्या दुप्पट लांब जाता. 4 मीटर पडून 8, 8 मीटर पडून 16. तिरका पांढरा पृष्ठभाग दिसला म्हणजे रचणाऱ्याने तुम्हाला डोळा मारलेला आहे, असं समजा.

हवेत असताना दोन्ही स्टिक सोडून द्या. जमिनीतल्या पोर्टलच्या रोखाने पडत असताना खेळ तुम्हाला हळूच मधोमध ओढतो. स्टिक हलवली की त्या मदतीशी तुमचीच रस्सीखेच सुरू होते. कितीही उंचावरून पडलात तरी इजा होत नाही, तेव्हा सावरून घेण्याची सवय इथे उपयोगाची नाही. मारतं ते खालचं घाणेरडं पाणी, जमीन नव्हे.

दोन्ही रंग हातात आले की सगळ्यात जास्त रडवणारी चूक सुरू होते : हवेत असताना चुकीच्या रंगाचं पोर्टल झाडणं. समजा जमिनीत निळं, छतात नारिंगी, आणि तुम्ही दोन्हींतून सारखे पडत वेग वाढवताय. आता समोरच्या भिंतीतून बाहेर फेकलं जायचंय. हलवायचं ते नारिंगी, कारण तुम्ही निळ्यात शिरताय आणि नारिंगीतून निघताय. घाईत निळं झाडलं की पायाखालचं दार नाहीसं होतं आणि तुम्ही थाडकन जमिनीवर. दर वेळी विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून सवयच अशी लावा : खालचं कायम निळं, निघायचं कायम नारिंगी. पूर्ण खेळभर एकच रीत ठेवली की बोट आपसूक बरोबर ट्रिगरवर जातं. हवेत दुसऱ्यांदा नेम धरून झेप वाढवायची चेंबरं पुढे येतातच. तिथे हीच सवय तारते, जायरोपेक्षाही जास्त.

चेंबर वाचायचं ते शेवटाकडून. दारातून आत शिरताना क्रमांकाची जी पाटी असते, तिच्यावर खालच्या बाजूला चित्रखुणा असतात आणि त्यातल्या काहीच उजळलेल्या असतात. त्या खोलीत काय काय येणार, हे तिथेच लिहिलेलं आहे : ठोकळा, उडी, बंदूकधारी यंत्रं, विषारी पाणी. बघायचा कंटाळा करू नका. मग बाहेर जाण्याच्या दारापासून मागे या. दारापर्यंत ठिपक्यांची रेघ आलेली असते. ती निळी असेल तर तिच्या दुसऱ्या टोकाचं बटण अजून दाबलं गेलेलं नाही, नारिंगी झाली की काम झालं. दार कशाने उघडतं, ते बटण कशाने दाबलं जातं, तो ठोकळा कुठे आहे, तिथे कसं पोचायचं. असं उलटं आलं की प्रश्न एका उडीपुरता उरतो, आणि ती उडी वरच्या हिशेबाने दोन मिनिटांत तपासता येते. पडदा लहान असल्यामुळे पूर्ण खोली एका नजरेत मावत नाही, म्हणून आत गेल्या गेल्या एकदा जागच्या जागी पूर्ण गिरकी घ्या, छतासकट.

चमकणारा झिरमिळ्या पडदा दिसला तर लक्षात ठेवा, तो ओलांडला की तुमची दोन्ही पोर्टलं पुसली जातात आणि हातातला ठोकळा विरून जातो. त्याच्या अलीकडे लावलेल्या पोर्टलाची आशा धरून पलीकडे जाऊ नका.

सोळाव्या चेंबरात पहिल्यांदा पांढरी, गोड आवाजाची बंदूकधारी यंत्रं येतात. इथे नेमबाजी करायला जाल तर मराल, कारण तुमच्याकडे गोळीच नाही. ती यंत्रं फक्त समोर बघतात, आणि आडवी पडली की थोडं फडफडून कायमची बंद होतात. मागून जाऊन उचलून टाका, वरून ठोकळा सोडा, किंवा त्यांच्या पायाखालच्या पांढऱ्या जमिनीतच पोर्टल उघडा. समोरून जाणं भागच असेल तर ठोकळा छातीशी धरून जा, तो ढाल होतो. याच चेंबरात भिंतीच्या फळ्यांमागे एक लपलेली जागा आहे. गोष्टीत रस असेल तर ती शोधा. ग्लाडोस, म्हणजे खेळभर तुमच्याशी बोलणारी आणि चेंबरं चालवणारी संगणकयंत्रणा, जे सांगते त्यापेक्षा वेगळं काहीतरी भिंतींवर लिहिलेलं आहे, आणि यापुढे काही सांगत नाही.

गोष्ट ऐकण्यापुरतं एवढंच : लाइटच्या स्पीकरवर ग्लाडोसला आवाज देणाऱ्या एलेन मॅक्लेनच्या बोलण्यातली अर्धी खोच विरते. इअरफोन लावा, इंग्रजी सबटायटल चालू ठेवा. आणि ग्लाडोस बोलत असताना पुढच्या खोलीत धावू नका.

दुसऱ्या भागात हाताला खरा त्रास होतो तो जुन्या, खोल कारखान्यात, म्हणजे सहाव्या आणि सातव्या प्रकरणात. अंतरं प्रचंड, प्रकाश कमी, आणि पोर्टल बसेल असा पांढरा तुकडा पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. हाच तो मघाशी म्हटलेला अपवाद. या भागात झूमचं बटण आहे, नियंत्रणांच्या यादीत बघून घ्या. झूम करा, जायरोने टेका, मग झाडा. पडद्याची चमक वाढवली तर तुकडे लवकर दिसतात, पण बॅटरीही लवकर जाते. लाइटची बॅटरी साधारण 3 ते 7 तासांची असते, आणि चमक पूर्ण ठेवून त्रिमितीय खेळ खेळलात तर त्यातल्या कमी आकड्याचीच अपेक्षा ठेवा.

तिथेच रंगीत द्रव भेटतात. निळ्यावर पडलात की उसळता, नारिंगीवर धावलात की वेग वाढतो, पांढऱ्याने माखलेल्या जागी पोर्टल बसतं. निळ्यावर पडताना उसळायचं नसेल तर वाकून राहा. नारिंगीची पट्टी छोटी पडते तेव्हा चूक बहुधा पट्टीच्या शेवटाची असते : उडी टोकाला मारायची, अलीकडे नाही. द्रव पोर्टलमधूनही वाहतो, त्यामुळे नळापर्यंत तुम्ही जायचं नसतं, नळ तुमच्यापर्यंत आणायचा असतो.

लेसरची किरणं वळवणारा काचेचा ठोकळा मात्र छोट्या यंत्रावर माउसपेक्षा बरा वाटतो, हे आश्चर्य आहे. हातात धरला की तो तुमच्या नजरेसोबत फिरतो आणि जायरोने किरण अलगद तो झेलणाऱ्या खाचेवर टेकवता येतो. जुळला की तिथेच खाली ठेवा. ठेवताना किरण थोडा सरकतो, तेवढी सूट सहसा दिलेली असते.

आता दोघांचा खेळ. अ‍ॅटलस आणि पी-बॉडी हे दोन रोबो, प्रत्येकाची दोन-दोन पोर्टलं, म्हणजे खोलीत एकूण चार. पडदा दुभागून तो एका यंत्रावर खेळता येतो, पण मोठ्या स्विचची जॉयकॉन, म्हणजे बाजूचे कंट्रोलर, जशी सुटी होतात तशी लाइटची बटणं सुटी होत नाहीत, तेव्हा दुसरा कंट्रोलर वेगळा हवा. आणि साडेपाच इंचाचा अर्धा म्हणजे किती, ते पोस्टाचं तिकीट समोर धरून बघा. खेळता येतं, मजा येत नाही. दोन यंत्रं आणि खेळाच्या दोन प्रती असतील तर जवळ बसून वायरलेस, किंवा निंटेंडो स्विच ऑनलाइनची वर्गणी असेल तर लांबूनही. पीसीवरच्या मित्राशी मात्र जोडी जमत नाही. खेळताना ‘तिकडे’, ‘इथे’ असं ओरडण्यापेक्षा खूण करण्याची सोय वापरा : नेम धरून खूण केली की जोडीदाराला तीच जागा उजळलेली दिसते, आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबायचं असेल तर उलटी गणतीही लावता येते.

लोकांनी बनवलेली नवी चेंबरं आणि ती बनवायचं साधन स्विचच्या आवृत्तीत नाही. तेच हवं असेल तर हातातलंच दुसरं यंत्र, पीसीवरचे खेळ चालवणारं व्हॉल्व्हचं स्टीम डेक बघावं लागेल. पण त्यासाठी आत्ताच यंत्र बदलू नका. पहिला भाग तीन-चार तासांचा, दुसरा आठ-दहा तासांचा. बटणं बदला, जायरो जुळवा, दहाव्यातल्या खड्ड्याच्या काठावर उभे राहा, खाली बघा, आणि अंगठे उचलून पुढे पाऊल टाका.